कायतानचं लार्दुम

सावद्याच्या केळीवाल्या पाटलांची कोकिळा भुसावळच्या एका रेल्वे गार्डाशी लग्न करून गेली आणि माहेरचं दार तिला बंद झालं. कायतान गोव्याचा, ख्रिस्ती. मूलबाळ झालं नाही. दोघं एकमेकांना पुरली.

कायतान लहानपणी पाद्री व्हायला शिकत होता. ते राहिलं, थोडी लॅटिन तेवढी उरली. हिवाळ्यात तो डुकराची चरबी आणायचा, तिच्या पट्ट्या मीठ-मिरी चोळून बरणीत मुरवायचा. "चरबी काय म्हणतेस? लार्दुम म्हण. लॅटिन आहे," असं ऐटीत सांगायचा.

कोकिळेनं कधी अंडंही खाल्लं नव्हतं. पण संधिवातानं त्याची बोटं वळेनाशी झाली, तेव्हा नाकाला पदर लावून तीच मीठ चोळू लागली. तो शब्द तिच्या तोंडी 'लाडूम' असाच यायचा. कायतान खोकला येईपर्यंत हसायचा.

दिवाळीच्या आधी तो गेला. थंडी पडली तशी तिनं चरबी आणून बरणी भरली. खाणारं कोणी नव्हतं, तरी भरली.

मग धाकटा भाऊ बन्सीलाल तिला न्यायला आला. ओट्याकडे पाहत म्हणाला, "अक्का, कसलं लोणचं हाये हे?"

"डुकराची चरबी आहे. ह्यांना आवडायची."

त्यानं हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाला, "चल घरी. पण हे इथंच राहू दे."

ती गेली. सावद्यात कोणी वावगं बोललं नाही. भावाच्या सुनेनं, पुनमनं, तिला खोली आवरून दिली. संक्रांतीला ती ताट घेऊन आली. "आत्या, लाडू घ्या ना."

कोकिळेला खुदकन हसू आलं.

"काय झालं?"

"अगं, आमच्या ह्यांना ना..."

"पुनम, पाणी आण," बन्सीलाल मध्येच म्हणाला.

पुनम पाणी घेऊन आली, पण पुढचं कोणी विचारलं नाही. आल्यापासून या घरात कायतानचं नाव एकदाही निघालं नव्हतं, हे कोकिळेला तेव्हा जाणवलं.

सकाळी तिनं पिशवी भरली.

"कोणी काही बोललं का, अक्का?" बन्सीलाल कासावीस झाला.

"नाही रे. कोणीच काही बोललं नाही."

त्यानं तिला बसमध्ये बसवून दिलं, मांडीवर केळीची फणी ठेवली. भुसावळला रिक्षावाल्यानं सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं, आजी?"

"मी असते," ती म्हणाली आणि त्याला वळण दाखवू लागली.