दोन चुलींचा कम्प्युटर

हसायचं असन तं पहिले चहा पिऊन घ्या, मंग नाकातून आला तं मले बोलू नका. फजिती माझी झाली, हे कबूल. पण राग मले अजूनही त्या मशीनचाच येते. सारं ऐका, आन चूक कोणाची ते तुमीच सांगा.

आमचं गाव हिंगणीच्या अलीकडं. घरात मी, पोरगा आन सून वर्षा. पोरगा वर्ध्याले नोकरीवर जाते, वर्षा घरी बसून कम्प्युटरवर कायचा तरी कोर्स करते. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही मास्तराच्या मेहेरबानीनं. अक्षर लावता येते, पण बैलबंडीच्या चालीनं. इंग्रजी असन तं बंडी चिखलात.

एक दिवस पाहतो तं वर्षा मशीनपुढं बसून खुडबुड करून राह्यली.

"काय करून राह्यली वो?"

"बाबा, याच्यात दुसरी सिस्टीम टाकून राह्यली. लिनक्स. माझ्या कोर्सले लागते. तुमची विंडोज जशीच्या तशी राहीन."

"एका डब्यात दोन?"

"हो. एका घरात दोन चुली असतात नं, तसं समजा."

झालं. पुढचं मले काही ऐकूच आलं नाई. आमी तीन भाऊ, पण बाप होता तोवर घरात एकच चूल. दोन चुली म्हंजे घर फुटलं. माझ्या जिवंतपणी या घरात दुसरी चूल पेटली नाई, आन ही मशीनात पेटवून राह्यली! ती पुढं बरंच काही सांगत होती, बोटानं बटनं दाखवत होती. मी रागानं मान हलवत होतो. तिले वाटलं, बाबाले समजलं. रागाची मान आन समजल्याची मान सारखीच हालते, त्याले मी काय करू?

आता तुमी म्हणसान, बुढ्याले कम्प्युटरचं काय काम? काम होतं. इज्जतीचं होतं.

शंकरपटात, म्हंजे बैलायच्या शर्यतीत, एक डाव सकाळी सकाळी, पंच यायच्या आधी, नुसत्या हौसेखातर माझी जोडी दौलतरावच्या जोडीसंगं पळाली. पुढं कोण गेलं? मी म्हणतो माझी, दौलतराव म्हणते त्याची. पंच नाई, निशाण नाई, साक्षीले फक्त धुराळा. त्यात हा दौलतराव आमच्या वर्षाचा सख्खा काका. म्हंजे माझा व्याही. व्याह्याले शिवी देता येत नाई, अरे-तुरे करता येत नाई. खोटारडा म्हणायचं तरी अहो-जाहो करून म्हणा लागते. लग्नात भेटो का तेरवीत, आमचं हेच.

"बसा व्याही. खोटं बोलू बोलू थकले असान."

"बसतो न व्याही. तुमचे बैल पोचेपर्यंत तसंही बसाच लागते."

असं किती दिवस ऐकावं माणसानं? मंग माझ्या भाच्याजवळ त्या पळतीचा व्हिडिओ सापडला. त्याच्या मोबाइलात पाह्यला. धुराळ्यातून पांढरी जोडी सर्रकन पुढं निघाली. माझे पाखऱ्या आन वजीर, दुधावानी पांढरे! मोबाइलात बैल दिसे उंदराएवढा, पण पांढरा तं पांढराच नं. पोराले म्हटलं, हे कम्प्युटरात टाक, व्याह्याले मोठ्या पडद्यावर दाखवतो. त्यानं टाकला आन मले शिकवलं: गोल बटन दाबायचं, थांबायचं, हिरव्या माळाचं चित्र आलं का कोपऱ्यातल्या पिवळ्या डबीवर टकटक करायचं. पण वर्षाची चूल पेटली ते याच्या नंतर, हे ध्यानात ठेवा.

रविवारी दौलतरावले बोलावलं. गावातले चार जाणतेही बोलावले, साक्षीले. पोरगा बाहेर गेलता, वर्षा आत चहा ठेवून राह्यली होती. मी खुर्ची मशीनपुढं ओढली आन गोल बटन दाबलं.

काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळी आल्या. मी चष्मा चढवला, पहिलं अक्षर लावतो तोच ओळी गायब. पडदा वांग्यासारखा जांभळा. हिरवा माळ नाई, पिवळी डबी नाई.

बंद केलं, पुन्हा लावलं. पुन्हा त्याच ओळी, पुन्हा गायब, पुन्हा वांगं.

मले सांगा, म्हाताऱ्या माणसाले काही इचारलं तं त्याच्या उत्तराले थांबावं का नाई? ही मशीन इचारते आन आपलंच उत्तर देऊन मोकळी होते. अरे, तलाठीही एवढी घाई करत नाई.

दौलतराव पाठीमागून म्हणते, "काऊन व्याही, बैल गोठ्यातून सुटले नाई काय अजून?"

चारही जाणते फसकन हासले. माझ्या डोक्यात जाळ झाला. आन त्या जाळात मले सारं लख्ख दिसलं. दुसरी चूल कोणं पेटवली? वर्षानं. वर्षा पुतणी कोणाची?

ती चहाचा ट्रे घेऊन आलीच होती.

"काकासाठी माझा पट पुसला नं तू?" मी म्हटलं. "सून किती दिवस राहो घरात, ओढा माहेराकडंच."

कोणी हासलं नाई. वर्षानं ट्रे खाली ठेवला. "बाबा, मी तुमाले त्या दिवशी सांगतलं होतं..."

"मले काही सांगू नको."

दौलतराव उठून उभा झाला. मले वाटलं, आता भांडते. तं म्हणते कसा, "व्याही, पोरीले बोलू नका. तुमची जोडी पुढं होती. मी मानतो. या साऱ्यायच्या समोर मानतो. झालं?"

पाहा आता. एवढ्या दिवसांचा तंटा माझ्या बाजूनं सुटला. चार साक्षीदार हजर. अक्कल असलेला माणूस अशा वक्ताले काय करते? चहा पिते.

मी म्हटलं, "मानतो म्हंजे? उपकार करून राह्यले काय? मले भीक नाई पाह्यजे. डोळ्यानं पाहा आन मंग माना."

वर्षानं मशीन बंद करून लावली. त्या ओळी आल्या तशी खालच्या बाणाचं बटन दाबलं, मंग दुसरं. हिरवा माळ आला. पिवळी डबी जाग्यावर.

माझ्याकडं पाहून म्हणते, "बाबा, राहू द्या नं. काकानं मानलं तं."

मले वाटलं, काकाची इज्जत वाचवून राह्यली.

"लाव," मी म्हटलं.

लागला. धुराळा उठला, धुराळ्यातून पांढरी जोडी निघाली. उंदीर नाई, चांगले वासराएवढे बैल. मी टाळी वाजवली. मशीनातूनही माझाच आवाज आला: "गेली रे, आपली गेली पुढं!"

आन मंग जोडी जवळ आली. शिंगं निळी.

माझ्या बैलायची शिंगं मी माझ्या हातानं लाल रंगवली होती.

दौलतरावचे बैलही पांढरेच, हे मी सांगतलं नाई काय? आमच्या भागात ज्याचा पाहा त्याचा गवळाऊ बैल, आन गवळाऊ म्हटला का पांढरा. मलेही ते त्या वक्तालेच आठवलं. लाल शिंगं दिसली, पण कवा? लोकं पळायची वाट ओलांडून नाश्ता करायले निघाले तवा. तवरोक माझा आवाज मशीनातून ओरडूनच राह्यला होता, "आपली गेली! आपली गेली!"

दौलतरावनं बशीत चहा ओतला. हासला नाई लेकाचा, हासला असता तं बरं झालं असतं. फुंकर मारून म्हणते, "मी तं मानलं होतं, व्याही."

वर्षानं मले मंग ते बाणाचं बटन पुन्हा शिकवलं: त्या ओळीत मशीन इचारते, कोणती चूल पेटवू, आन बाण दाबला नाई तं आपसूक तिचीच जांभळी चूल पेटवते. या डाव मी मान हलवली ते समजून हलवली.

आता रोज सकाळी मी कापसाचे भाव पाहायले मशीन लावतो. भाव त्या जांभळ्यातही दिसते. काळ्या पडद्यावर ओळी आल्या का वर्षा मुद्दाम इचारते, "बाबा, बाण दाबून देऊ काय?"

मी हाताची घडी घालून बसतो. "नको," म्हणतो, "मशीनले घाई हाये, जाऊ दे तिले."