एकशे अठरा

संध्याकाळी खिडकीतून पाहिलं, तर खाली पार्किंगमध्ये दोन बहिणी बॅडमिंटन खेळत होत्या. मध्ये जाळी नव्हती. दोघी मिळून मोठ्यानं मोजत होत्या, एकतीस, बत्तीस... "ताई, हळू मार ना गं!" धाकटी ओरडली आणि ताईनं पुढचं शटल अलगद तिच्या रॅकेटवर दिलं.

माझी मुलगी आणि मी तिथंच असे खेळायचो. आमचा उच्चांक एकशे अठरा. शटल पडलं की दोघंही हरायचो. पुढे मीच तिला कोचिंगला घातलं. तिथं मध्ये जाळी आली, आणि समोरच्याला पोचता येणार नाही अशा जागी मारायला ती शिकली. खेळ आणि स्पर्धा यांतला फरक मला तरी एवढाच दिसतो. गेल्या आठवड्यात जिल्ह्याच्या संघातून तिचं नाव वगळलं. तेव्हापासून रॅकेट कव्हरमध्येच आहे.

"चल खाली," मी म्हटलं. "एकशे एकोणीस करू."

ती खिडकीशी येऊन त्या मुलींकडे बघत राहिली. "नको, बाबा. समोरच्याला घेता येईल असं मारायची सवयच गेलीय माझी."

खाली शटल पडलं होतं, आणि त्या दोघी हसत पुन्हा एकपासून मोजायला लागल्या होत्या.