कडी आतून, आळ आईवर

भूतबित मी मानत नाही, हे आधीच सांगते. आणि हे वाचून कुणी 'तुमच्या घराला काहीतरी असेल' असलं लिहिलं, तर मी चिडणार आहे. आमच्या घरी बुद्धवंदना होते, भूतबाधा होत नाही. अमरावतीला राजापेठेत एका ट्यूशन क्लासमध्ये मी गणित शिकवते. तरीही जे झालं ते झालं… आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमचं घर तिथेच मागच्या गल्लीत. भिंतीला भिंत लागून प्रमोदभाऊ आणि सुनीतावहिनींचं. माझी आई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाली, त्यामुळे सगळी गल्ली तिला 'सिस्टर' म्हणते. ही दोघं गावाला निघाली की घराची चावी आईच्या हातात. मी शाळेत होते तेव्हापासून असंच चाललेलं.

मागच्या उन्हाळ्यात दोघं अकोल्याला, जुन्या शहरात लग्नाला गेली. परत आली भर दुपारी. आईने चावी दिली, प्रमोदभाऊंनी कुलूप काढलं, दार ढकललं — उघडेना. आतून कडी लागलेली!

आता हे घर नीट समजून घ्या. दार एकच. मागे दुसऱ्याच्या घराची भिंत, खिडक्यांना लोखंडी ग्रिल. कडी आडवी सरकवायची आणि मग तिचा दांडा खाली पाडायचा, तेव्हा कुठे ती बसते. दार आपटून लागत नाही, मी नंतर स्वतः आपटून पाहिलंय. शेवटी सुताराने फळी कापली, आत हात घालून कडी काढली. घरात कुणी नाही. कपाट बंद, दागिने जागच्या जागी.

घाबरायचं सोडून प्रमोदभाऊ आईकडे वळले. "चावी तं तुमच्यापाशीच होती ना, सिस्टर? मंग अंदर गेलं कोण?"

अहो, चावी बाहेरच्या कुलपाची! चावीवाला माणूस फार तर आत जाईल. आतून कडी लावून तो बाहेर कुठून येईल — ग्रिलमधून? हे मी तिथल्या तिथे विचारलं. पण बोट दाखवायला माणूस मिळाला होता ना! संध्याकाळी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा मेसेज — 'घराची चावी शेजारी ठेवू नये. आजकाल माणसं ओळखता येत नाहीत.' खाली अंगठेच अंगठे. ज्यांच्या पोरांना आईने घरी जाऊन इंजेक्शनं दिली, त्यांचेसुद्धा. आई धड जेवेना. "आजवर कोणाच्या घरची काडी नाई उचलली, अन् आता मी चोर झाली," एवढंच म्हणाली.

प्रमोदभाऊंनी नवं दार बसवलं, नवी कडी, नवं महागडं कुलूप. चाव्या स्वतःच्या खिशात.

दिवाळीनंतर दोघं शेंदूरजनाघाटला, वहिनींच्या माहेरी जाऊन आली. मी क्लासला निघतच होते, तेवढ्यात बाहेरून प्रमोदभाऊंचा आवाज, "दार काहून उघडून नाई राहिलं?" काढलेलं कुलूप त्यांच्या हातात, चावी त्यांच्याच खिशातली… आणि कडी आतून.

गल्ली जमली. आईही बाहेर आली. मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल. ते सुताराला फोन लावत बसले. आईने दारावर थाप मारली आणि वॉर्डात गर्दी करणाऱ्या नातेवाइकांना दटावायची त्या आवाजात म्हणाली, "कोण हाय अंदर? खोल!"

…आतून कडी सरकली. खर्र करून, सावकाश. आम्ही सगळ्यांनी ऐकली. दार हातभर आत गेलं. पलंगाखाली, बाथरूममध्ये, माळ्यावर, सगळीकडे पाहिलं. कुणीही नाही. हे लिहितानाही अंगावर काटा येतोय.

पण तेव्हा माझी भीती पळाली ती वहिनींच्या बोलण्याने. शेजारणीच्या कानाला लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्या म्हणाल्या, "यायच्याच शब्दानं कशी उघडली वं? काई करत तं नसतीन ना?"

म्हणजे बघा! चावी होती तेव्हा आई चोर. चावी नव्हती तर करणीवाली!

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने माझा हात दाबला. प्रमोदभाऊंच्या समोर जाऊन उभी राहिली.

"अंदरून कडी कोनं लावली, थे मले नाई मालूम, भाऊ. पण माह्यावर इल्जाम कोनं लावला, थे चांगलं मालूम हाय."

प्रमोदभाऊ कुलूप या हातातून त्या हातात करत राहिले. ग्रुपवरचा तो मेसेजही अजून तसाच आहे.

ती कडी कुणी लावली, कुणी काढली, मला आजही माहीत नाही. कुणा जाणकाराला ठाऊक असेल तर सांगा, मी शांतपणे ऐकेन. फक्त 'पण तुमच्या आईने नक्की केलं काय?' असं विचारू नका. तिने हाक मारली होती, बस्स.