न भरणारी टाळू

"टाळू भरेल की हळूहळू," मी म्हणालो. "तुझीपण भरली. मम्मी रोज तेल घालायची."

मोबाईलच्या पडद्यावर माझी मुलगी स्नेहल माल्टातल्या तिच्या स्वयंपाकघरात बसली होती. ती तिकडे नर्स आहे. तिला पाचवा महिना चालू होता. त्या दिवशी तिची मोठी सोनोग्राफी झाली होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाळाचं डोकं वरून बंद झालेलं नाही. तेवढं वाक्य मी ऐकलं आणि लगेच सल्ला दिला. मी रसायनीच्या एका कंपनीत स्टोअरकीपर आहे. समोर नर्स बसलेली असताना वैद्यकीय ज्ञान द्यायला मला कधीच संकोच वाटलेला नाही.

तिने माझं बोलणं पुरं होऊ दिलं. मग म्हणाली, "पप्पा, टाळू नाय. वरची कवटीच नाय. आणि मेंदूपण नाय."

माझ्या शेजारी माझी बायको नंदा बसली होती. तिने माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला आणि नुसतं विचारलं, "तू जेवलीस का गं?"

त्या आजाराचं नाव अ‍ॅनेन्सेफली. गर्भ राहिल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाळाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतो ती नळी, वरच्या टोकाला मिटायची असते, ती मिटत नाही. मग कवटी आणि मेंदूचा मोठा भाग तयारच होत नाही. पोटात असेपर्यंत बाळ वाढतं, कारण सगळं आईच्या रक्तावर चालतं. हृदयाचे ठोके पडतात. हातपाय हलतात. जन्मल्यावर मात्र ते काही तास जगतं, फार तर काही दिवस. यावर उपचार नाही. स्नेहलची पहिली सोनोग्राफी फार लवकर झाली होती. तेव्हा हे दिसत नाही.

मला आधी वाटलं, दोष आपला. इतकी वर्षं रसायनांच्या पिंपांमध्ये काढली, त्याचंच काही पोरीच्या अंगात उतरलं असेल. मी तिला तसं विचारलंसुद्धा. ती रडत होती, तरी म्हणाली, "तुमच्या कंपनीचा वास माल्टापर्यंत येत नाय, पप्पा." नंतर इथल्या डॉक्टर बाईंनीही सांगितलं की बहुतेक वेळा नेमकं कारण हाती लागत नाही. कुणाचा दोष शोधू नका, म्हणाल्या. मी काही दिवस शोधत राहिलोच.

माल्टा हा युरोपातला छोटासा देश. सगळीकडून समुद्र. तिथे बाईच्या स्वतःच्या जिवावर बेतलं, तरच गर्भपात करता येतो. बाळ जगणारच नाही, हे कारण तिथल्या कायद्यात बसत नाही. स्नेहल ज्या इस्पितळात दुसऱ्यांच्या जखमा धुते, तिथल्या डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, हात धरला आणि म्हणाले, "मी तुला रिपोर्ट देऊ शकतो. त्यापुढे मला काही करता येत नाही." त्यांनी काही केलं असतं तर त्यांना तुरुंग होता, आणि तिलाही. तिच्यापुढे रस्ता एकच होता. नऊ महिने पूर्ण करायचे, प्रसूत व्हायचं आणि वाट बघायची.

तिच्यासोबत फ्लॅटमध्ये तिच्याच कामातल्या तीन मुली राहतात. स्नेहलचा नवरा राहुल एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. त्याची रात्रपाळी असली की त्या तिला सोबत करतात. त्या संध्याकाळी सगळ्या त्याच स्वयंपाकघरात बसल्या होत्या. फिलिपिन्सची होती ती म्हणाली, आमच्याकडे तर कुठल्याच कारणासाठी सूट नाही, बायका चोरून करतात आणि मरतात. कोलंबियाची म्हणाली, आमच्याकडे चोवीस आठवड्यांपर्यंत कारणच विचारत नाहीत, हे अलीकडेच झालंय. नेपाळची म्हणाली, बाळात असा दोष असेल तर आमच्याकडे अठ्ठावीस आठवड्यांपर्यंत चालतं. नेपाळ माझ्या डोक्यात कायम मागासलेला. स्नेहलने हे फोनवर सांगितलं, तेव्हा मी नेपाळचं पुन्हा विचारून घेतलं.

चौघींच्या पोटाची रचना सारखीच. पासपोर्टचा रंग तेवढा वेगळा.

समोरच इटली. बोटीने गेलं तर दोनेक तासांवर. तिथे कायदा परवानगी देतो, पण इतके आठवडे झाल्यावर फार थोड्या जागी करतात आणि पुष्कळ डॉक्टर मनाला पटत नाही म्हणून नकार देतात. तेही कायद्यानेच चालतं. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. स्नेहल म्हणाली, "पप्पा, मी घरी येते."

राहुलला रजा मिळाली नाही. हॉटेलच्या कोठीघरात उभा राहून तो मला फोनवर म्हणाला, "पप्पा, तिला जे करायचंय ते. मी आहे तिच्यामागं." एवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला.

आमचं घर लोधिवलीत. ती आली तेव्हा पोट दिसत होतं. गल्लीतल्या बायका कौतुकाने बघत होत्या. एकीने डोहाळजेवण कधी म्हणून विचारलं. मी "बघू" म्हणालो आणि बॅग उचलायच्या निमित्ताने आत पळालो.

भारतातला कायदा मला माहीत नव्हता. मला वाटायचं, आपल्याकडे एकतर सगळं चालतं किंवा काहीच चालत नाही. तसं नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. वीस ते चोवीसमध्ये दोन डॉक्टरांचं, तेही ठरावीक कारणांसाठी. चोवीसच्या पुढे फक्त बाळात गंभीर दोष असेल तर, आणि तेव्हा डॉक्टरांचं एक मंडळ निर्णय घेतं. स्नेहलचा बाविसावा लागत होता. उशीर झाला की मंडळ, मंडळ म्हणजे आणखी थांबणं. ती पोटावर हात ठेवायची आणि लगेच काढून घ्यायची. तेवढ्यासाठीसुद्धा मला घाई झाली होती.

कर्जतला सोनोग्राफी पुन्हा केली. भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. डॉक्टरांनी पडदा आमच्याकडून वळवून घेतला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "तिकडचा रिपोर्ट बरोबर आहे. पण वीस आठवड्यांच्या पुढचं आमच्याकडे होत नाही. आम्हाला तशी मान्यता नाही. पनवेलकडे जा." मला राग आला. माणसं टोलवतात, असं मी पुटपुटलो. स्नेहल म्हणाली, "टोलवत नायत, पप्पा. सोय नाय तिथं करायला गेले तर मी मरेन."

त्याच संध्याकाळी कळंबहून नंदाची मोठी बहीण आली. शकूमावशी. तिने पिशवीतून एक दुपटं काढलं. जुन्या मऊ लुगड्याचं, कडेला लाल टाके. बातमी पोचायच्या आधीच तिने ते शिवायला घेतलं होतं, आणि बातमी कळल्यावर पुरं केलं.

"ठोके पडतात ना?" मावशीने विचारलं.

"पडतात," स्नेहल म्हणाली.

"मंग? जीव हाय तवर राहू दे की. आपण कोण काढणारं?"

"मावशी, मी रोज ऐकलेत ते ठोके. ज्या दिवशी बाळ बाहेर येईल त्या दिवशी ते थांबणार. चार महिने मी त्याच दिवसाची वाट बघत बसू?"

"मला नाय पटत गं."

"नको पटू दे. झोपायला राहशील ना इथं?"

"राहणार ना. मी काय भांडून आले का?" मावशी म्हणाली, आणि भाकऱ्या थापायला बसली.

मावशीला नाही पटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही रात्रंदिवस टोचत होतं. रोज सकाळी बुद्धमूर्तीसमोर बसून मी पंचशील म्हणतो. लहानपणापासून म्हणतोय. पहिलं शील जीवहिंसेपासून दूर राहण्याचं. त्या आठवड्यात मी तिथवर आलो की माझा आवाज बसायचा. मी खोकल्याचं सोंग करायचो. स्वयंपाकघरात नंदाला सगळं ऐकू जायचं.

पनवेलच्या इस्पितळात डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी सगळे रिपोर्ट वाचले आणि पहिलं वाक्य मला म्हणाल्या, "काका, तुम्ही थोडं बाहेर बसा. मम्मीपण." मी म्हणालो, मी बाप आहे. "म्हणूनच," त्या म्हणाल्या.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. समोर एक बाई सफरचंद सोलून आपल्या सासूला भरवत होती. मला अपमान वाटत होता. नंदाला वाटत नव्हता. ती म्हणाली, "कुणी ढकलून आणली नाय ना, ते विचारत असतील. आपल्या गावात किती पोरींना असं बाजूला घेऊन कुणी विचारलंय?" हे वाचणाऱ्या बापांना आणि नवऱ्यांना माझं सांगणं आहे, दार बंद झालं तर बाकावर बसा. ते दार तुमच्या मुलीसाठी बंद होतं.

आत बोलावलं तेव्हा टेबलावर संमतीचा कागद होता. मी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि कागद माझ्याकडे ओढला. स्टोअरमध्ये दिवसभर सह्या करून हाताला सवय लागलीय.

डॉक्टर म्हणाल्या, "पेन तिला द्या, काका."

"मी पालक म्हणून..."

"ती सज्ञान आहे. तिची एकटीची सही लागते. तुमची नाही, तिच्या नवऱ्याचीही नाही."

स्नेहलने माझंच पेन घेतलं आणि सही केली. पेन तिच्याकडेच राहिलं, ते अजून मिळालेलं नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनीही तपासलं. रक्ताच्या चाचण्या झाल्या. मग इंडक्शन, म्हणजे औषध देऊन कळा आणणं. आधी एक गोळी, मग काही काळ थांबायचं, मग पुढच्या गोळ्या. मला वाटलं होतं, भूल देऊन काहीतरी होईल आणि ती झोपेतून उठेल. तसं नसतं. ते बाळंतपणच असतं, फक्त शेवटी रडण्याचा आवाज येत नाही. हे मी लिहितोय कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. स्नेहलला माहीत होतं. तिने मला सांगायचं टाळलं होतं.

नंदा आत होती. मी आणि शकूमावशी बाहेर. मावशीने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. दुपारनंतर डॉक्टर बाहेर आल्या. "झालं. स्नेहल ठीक आहे. बाळाचे ठोके कळांमध्येच थांबले. तिला बघायचंय, मी तयार करून देते."

मावशी उठली आणि पिशवीतून दुपटं काढून त्यांच्या हातात दिलं. "यात गुंडाळा," म्हणाली. "डोक्यावरनं घ्या जरा."

स्नेहलने बघितलं. नंदाने बघितलं. मला विचारलं, तर मी नको म्हणालो. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. पुढचं सगळं इस्पितळाने त्यांच्या नियमाने केलं. दुपटं बाळाबरोबर गेलं.

घरी आल्यावर तिला दूध आलं. याचीही मला कल्पना नव्हती. ती कुशीवर वळून रडत होती आणि कुडता ओला झाला होता. डॉक्टरांनी इस्पितळात दिलेली दूध थांबायची गोळी वाढवून दिली. फोनवर म्हणाल्या, "शरीराला बातमी पोचायला वेळ लागतो. तिला एकटं ठेवू नका." शेजारच्या बाईने बाळाचं विचारलं तेव्हा मी दाराआड उभा होतो. मावशी ओट्यावरून म्हणाली, "बाळ गेलं. पोरगी वाचली. चहा घेतेस का?" न पटलेल्या माणसाचं ते उत्तर होतं.

तुमच्या घरात असं काही निघालं, तर वेळ घालवू नका. बारा आठवड्यांच्या सुमाराची सोनोग्राफी चुकवू नका. फोलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासून सुरू करतात, हे मुलींना सांगा. ती गोळी घेऊनही असं होऊ शकतं, हेही सांगा. कायदा कुठे कधी बदलेल याचा भरवसा नाही. मी लिहिलेला तुम्ही वाचेपर्यंत बदललेला असेल, म्हणून डॉक्टरांनाच विचारा. मुलगी परदेशी निघाली की आपण तिकडची थंडी आणि पगार विचारतो. तिच्या पोटाबद्दल तिथला कायदा काय म्हणतो, हे मी विचारलं नव्हतं.

पनवेलच्या त्या डॉक्टर बाईंचे आभार मानायला मी पेढे घेऊन निघालो होतो. नंदाने दारात अडवलं. पेढे कसले, म्हणाली. मग मी हात हलवत गेलो आणि हात जोडून आलो.

एका सकाळी मी पुन्हा मूर्तीसमोर बसलो. मागे नंदा पाटावर बसली होती, तिच्या पुढ्यात खाली स्नेहल. खोबरेल तेलाची वाटी कोमट करून ठेवली होती. लहानपणी घालायची तसं नंदा लेकीच्या टाळूवर तेल घालत होती, हाताच्या तळव्याने थोपटत, जिरेपर्यंत. स्नेहलचे डोळे मिटलेले होते. मी वंदना सुरू केली. पहिल्या शीलापाशी आलो आणि आवाज बसला. मी खोकलो.

मागे थोपटणं थांबलं नाही. नंदा म्हणाली, "थांबलात का? माझ्या हाताखाली हाय तोपण जीवच हाय ना. म्हणा पुढं."