पार्वतीबाईंचं खाजण

मास्तर रागावले की त्यांचा आवाज खाली उतरे. आमच्या काळाचौकीच्या चाळीत त्या हळू आवाजाला भलेभले टरकून असत. मी तर फारच.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती, तेव्हा एका प्रकाशकाचा शब्दकोश निघत होता. जमीन-पाण्याचे शब्द मास्तरांकडे होते आणि त्यांच्या चिठ्ठ्यांची साफ प्रत करण्याचं काम माझ्याकडे. मास्तरांचा एक नियम होता. ज्यानं त्या जमिनीत पाय घातला नाही, त्याच्याकडून अर्थ घ्यायचा नाही. 'खाजण' या एका शब्दासाठी त्यांनी मला अख्खा रविवार गिरणीतल्या मालवणी बायकांच्या खोल्यांतून फिरवलं.

"मास्तर, पुस्तकात बघून नाही का चालणार?" मी वैतागलो.

"पुस्तकवाल्यानं बांध घातला होता का रे?"

वरच्या मजल्यावरच्या पार्वतीबाई म्हणाल्या, "भरतेचा खारा पानी शिरता, थंय बांध घालूचो. पावसान मीठ धुवान जाता, मगे भात पिकता. माझो आजो त्या बांधावरच मेलो." मास्तरांनी शब्द न् शब्द उतरवला. खाली नाव, गाव घातलं आणि जुन्या ताम्रपटातही हा शब्द सापडतो, अशी टीप जोडली.

संपादकसाहेबांनी समुद्र पाहिला होता तो गिरगाव चौपाटीवर, भेळ खाताना. त्यांनी सगळ्यावर काट मारली आणि मला सांगितलं, "लिहा, दलदलीची पडीक जमीन." मी लिहिलं. तसंच छापून आलं.

मास्तर छापलेलं पान घेऊन कचेरीत गेले. "मुंबई म्हणजे नुसता चिखल होता, आम्ही पैसा ओतून उभी केली, असं मुंबई महाराष्ट्राला नको म्हणणारे शेटजी सभांतून सांगतात. त्यांना आपणच हा पुरावा द्यायचा?"

"मास्तर, हा कोश आहे, मोर्चा नव्हे," साहेब हसले. त्या हसण्याची चीड आजही येते.

मास्तरांनी काम सोडलं. मला म्हणाले, "जा, पार्वतीबाईंना वाचून दाखव." गेलो. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पडीक? मगे माझो आजो खंय मेलो?"

मास्तर पुन्हा माझ्याशी बोलले नाहीत. राज्य झालं तेव्हा त्यांनी सगळ्या चाळीत पेढे वाटले; माझं दार तेवढं टाळलं. बरोबरच केलं. साहेबाला मी अजून शिव्या घालतो, पण त्यानं नुसतं सांगितलं होतं. लिहिलं मी.