दळवींच्या नंबरप्लेटा

कोपरच्या आमच्या सोसायटीत दळवी कुणालाही नावाने हाक मारत नसत. गाडीच्या नंबराने मारत. "ओ त्रेचाळीस बारा, स्कूटर नीट लावा." त्रेचाळीस बारा म्हणजे मी, सोसायटीची सेक्रेटरी. ठाण्याच्या आरटीओ कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला हा एकटा माणूस मला पहिल्यापासून आवडला नाही, आणि त्यांना मी.

जुन्या गाड्यांना नव्या नंबरप्लेटा बसवायची सक्ती झाली, तेव्हा त्यांना छंद लागला. लोकांनी काढून टाकलेल्या प्लेटा ते मागून आणत, घासूनपुसून तळमजल्यावर जिन्याच्या भिंतीला ठोकत. रिक्षाच्या, टेम्पोच्या, एक तर ट्रकची, चांगली पाटाएवढी. "माणूस खोटं बोलतो, नंबर खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या स्कूटरची जुनी प्लेट त्यांनी मागितली. मीही देऊन टाकली.

संध्याकाळी आईने विचारलं, "जुनी प्लेट कुठंय गं?" तेव्हा मला आठवलं. स्कूटर बाबांची, आणि प्लेट त्यांनीच रंगवलेली. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ते गेले, दुकानांवर फ्लेक्स आले. त्यांच्या हातचं अक्षर तेवढं एकच उरलं होतं.

मी दळवींकडे गेले. त्यांनी मला दारातच थांबवलं.

"दिलेली वस्तू परत मागायची नसते."

"आई रडतेय, दळवी."

"मग देताना आईला विचारायचं होतं."

दुसऱ्या दिवशी मी नोटीस लावली : जिन्यातल्या प्लेटा तीन दिवसांत काढाव्यात. त्यांनी लाल पेनाने माझ्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आणि प्लेटा तशाच ठेवल्या. पुढच्या आठवड्यात ते बहिणीकडे ठाण्याला गेले, तशी मी वॉचमनला बोलावलं. आधी भिंतीवर आमची प्लेट शोधली. दिसली नाही. घरात ठेवली असेल असं समजून बाकीच्या सगळ्या उपटायला लावल्या आणि भंगारवाल्याला देऊन टाकल्या.

परतल्यावर दळवी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे होते. मग वर माझ्या दाराशी आले.

"तुमची प्लेट ट्रकच्या प्लेटेमागे बांधली होती. तुम्ही काढून न्याल म्हणून."

मी अनवाणी धावत सुटले. भंगारवाला म्हणाला, "माल तो कल ही गया, मॅडम."

आईला मी सांगितलं, दळवी प्लेट देत नाहीत.

महिन्याभराने आईने माझ्यादेखतच त्यांना जिन्यात गाठलं. "गेलेल्या माणसाची खूण दाबून ठेवलीत. तुमचं कधी भलं होणार नाही." दळवींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गेटपाशी त्यांनी मला अडवलं. "काल गप्प राहिलो, तो उपकार समजू नका. आईला सांगायचं काम तुमचं आहे, मी ते करणार नाही." त्यानंतर ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत.

गेल्या वर्षी दळवी वारले. आई आली नाही, मी गेले. बहिणीने घराची किल्ली सोसायटीकडे, म्हणजे माझ्याकडेच ठेवली. आईने ती टेबलावर पाहिली.

"आता तरी बघ त्यांच्या घरात," ती म्हणाली. "असेल कुठेतरी."

"बघते," मी म्हटलं.