करंडीत नसलेलं नाव

आमच्या ख्रिस्ती मंडळीत माणसं जेमतेम वीस, पण किस्से विचाराल तर दोनशे जणांना पुरतील. तलासरीजवळच्या आमच्या पाड्यावर दर रविवारी माझ्याच ओट्यावर उपासना भरते. पाळक डहाणूहून महिन्यातून एकदा येतात, बाकीचे रविवार आमचे आम्हीच. कोणी बोलायचं ते चिठ्ठीवर ठरतं. येशूच्या प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकल्या होत्या, मग आम्ही कोण मोठे लागून गेलो? चिकूच्या करंडीत सगळ्यांची नावं. ज्याचं निघेल, त्याला देवाने बोलावलं.

*

पहिलं नाव निघालं देवजीचं. देवजी रिक्षा चालवतो. गिऱ्हाइकाशी भांडताना त्याचा आवाज आशागडपर्यंत जातो, पण त्या दिवशी शब्द फुटेना.

"मला नाय जमायचं. दुसऱ्या कोणाला तरी बोलवा."

पहिली चिठ्ठी बघायला त्या दिवशी पाळक मुद्दाम आलेले होते. ते हसून म्हणाले, "मोशेसुद्धा देवाला हेच म्हणाला होता."

"मग त्याला भाऊ दिला ना सोबतीला? माझ्या पण भावाला बसवा बाजूला."

बसवला. भाऊ तासभर मुकाट बसून होता, आणि देवजी एकटाच बोलत राहिला!

*

हाच देवजी एकदा दुपारी विवळवेढ्याहून रिकामी रिक्षा घेऊन येत होता. वाटेत वाटलं, म्हाताऱ्या लखमाकाकाकडे डोकवावं. कारण काहीच नाही. दोनदा पुढे गेला, दोनदा मागे वळला. शेवटी दार ढकललं, तर काका जमिनीवर पडलेला, पाय मोडलेला.

"काका, मी आपला सहजच आलो," देवजी गांगरून म्हणाला.

"सहज? परवापासून सांगतोय मी त्याला, कोणाला तरी धाड म्हणून."

देवजीने हे पुढच्या रविवारी ओट्यावर सांगितलं. रिक्षावालासुद्धा पुरतो देवाला.

*

रतनमावशी चिकूच्या वाडीत मजुरीला जाते, अजूनही. अक्षरओळख नाही. तिचं नाव निघालं तेव्हा तिने माझं बायबल मागून घेतलं, मांडीवर उघडलं आणि येशूने वादळ शांत केलं ती गोष्ट सांगायला लागली. आम्ही सगळे होडीत बसल्यासारखे ऐकत होतो. मध्येच कोणीतरी म्हणालं, "मावशी, पुस्तक उलटं धरलंय."

"असू दे. मला वाचता येत नाय, आणि त्याला वाचायची गरज नाय."

*

आता माझं पाप सांगते. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे, कारण मी अंगणवाडीत शिकवते, अक्षर बरं आहे. पोरांसमोर दिवसभर बडबडते, पण मोठ्या माणसांत प्रार्थना करायची म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून माझ्या नावाच्या जागी मी कोरा कागद घडी घालून टाकायची.

एका रविवारी नेमका तोच निघाला. रतनमावशीने कागद उलटसुलट करून पाहिला.

"कोणाचंच नाव नाय. म्हणजे आज तोच बोलणार. गप बसा."

पाऊण तास कोणी हललं नाही. अशी उपासना पुन्हा झाली नाही, असं सगळे अजून म्हणतात. मी मात्र मान वर केली नव्हती.

*

मागे रतनमावशीचं पोटाचं ऑपरेशन ठरलं, डहाणूच्या एका दवाखान्यात. सकाळी तिला आत न्यायचं होतं आणि पाळक बाहेरगावी. वॉर्डातल्या खाटेवर मावशी भीतीने थरथरत होती.

"प्रार्थनेशिवाय मी आत जायची नाय. तू कर."

"मावशी, करंडीत माझं नाव कधी नव्हतंच," मी रडत कबूल केलं.

"ठाऊक आहे मला. हात धर."

धरला. "प्रभू, मला बोलता येत नाही. हिला भीती वाटतेय, मलाही वाटतेय. तू हिच्यासोबत आत जा." एवढंच सुचलं. मावशीची थरथर थांबली.

डोळे उघडले, तर शेजारच्या खाटेवरच्या बाईने हात पुढे केला होता. धाकटी डहाणू गावची, मासे विकणारी.

"माझे देव वेगळे आहेत, बाय. पण त्याला सांग ना, माझ्यासोबत पण जा म्हणून."

तिचा हात सोडला, तोवर पलीकडची उठून बसली होती.

त्या वॉर्डात अकरा खाटा होत्या.